सोन्यामागे उरलेल्या टेकड्या

बेंगळुरूच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर कोलार सुवर्णक्षेत्र आहे. तेथे जाणाऱ्या प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधून घेतात त्या खाणी नव्हेत, तर करड्या-पिवळट रंगाच्या, सपाट माथ्याच्या उंच टेकड्या. पावसाने त्यांच्या अंगावर खोल घळी पाडल्या आहेत; झाडझाडोरा क्वचितच दिसतो. स्थानिक लोक त्यांना ‘सायनाइडच्या टेकड्या’ म्हणतात. अलीकडे चित्रपटांमुळे त्या दूरदूरच्या प्रेक्षकांनाही परिचित झाल्या आहेत. निसर्गाचा मात्र त्यांच्या घडणीत काहीही भाग नाही. सोने काढून घेतल्यावर उरलेला दगडाचा चुरा, म्हणजेच खाणव्यवसायातील ‘टेलिंग्ज’, साठून त्या उभ्या राहिल्या आहेत.

जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० साली येथे पाय रोवला. भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीने २००१ साली खाणी बंद केल्या. या काळात सुमारे ८०० टन सोने निघाले. आज उभ्या असलेल्या तेरा ढिगांत सुमारे ३ कोटी ३० लाख टन चुरा आहे. एवढ्यापुरताच हिशेब केला, तरी प्रत्येक तोळाभर सोन्यामागे जवळजवळ अर्धा टन चुरा पडतो. सोने देशोदेशी गेले. चुरा जागच्या जागी राहिला.

हा चुरा इतका बारीक का, हे समजण्यासाठी सोने वेगळे करण्याची रीत पाहिली पाहिजे. खनिजातील सुवर्णकण बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोकळे व्हावेत म्हणून दगड दळून त्याचे पीठ करावे लागते. मॅक्आर्थर व फॉरेस्ट बंधू यांनी ग्लासगो येथे १८८७ साली शोधलेल्या पद्धतीनुसार या पिठात सोडियम सायनाइडचे अतिशय सौम्य द्रावण मिसळतात. हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने सोने त्यात विरघळते व पुढे जस्ताच्या भुकटीने ते द्रावणातून खाली बसविता येते. मिश्रणात चुना घालणे अत्यावश्यक असते, कारण द्रावण आम्लधर्मी झाल्यास सायनाइडचा प्राणघातक वायू बाहेर पडतो.

टेकड्यांच्या नावामुळे खरी भीती सायनाइडचीच असावी असा समज होतो. ताज्या गाळाच्या बाबतीत तो रास्त आहे. रुमानियातील बाया मारे येथे ३० जानेवारी २००० रोजी गाळाच्या तलावाचा बांध फुटून सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नदीत गेले आणि थेट हंगेरीपर्यंत मासळी मेली. म्हणूनच आधुनिक कारखान्यात गाळ बाहेर सोडण्यापूर्वी सल्फर डायऑक्साइड व हवा यांच्या योगे सायनाइडचा नाश करतात. उघड्यावर पडलेल्या जुन्या ढिगांत मात्र ऊन व हवा यांच्यामुळे त्याचे बरेचसे विघटन होते. त्यांतील गंधकयुक्त खनिजे अधिक चिवट असतात. पाणी व हवा मिळाली की त्यांपासून गंधकाम्ल तयार होते आणि ते आर्सेनिक व जड धातू विरघळवून ओढ्या-विहिरींकडे नेऊ शकते. शिवाय धूळ आहेच. कोरड्या दिवसांत वारा सुटला की पिठासारखी ही भुकटी वस्तीवर येते. तीतील सिलिका वर्षानुवर्षे फुप्फुसांत जात राहणे घातक असते.

ताजा गाळ साठविताना खरा शत्रू पाणी होय. पुष्कळदा बांध चुऱ्यातील जाड वाळूनेच थराथराने उंच केलेला असतो. आत तुंबलेले पाणी भिंतीला टेकले, तर वाळू भिजून घसरते. यास्तव पाणी भिंतीपासून दूर ठेवणे, ते उपसून कारखान्यात पुन्हा वापरणे, अतिवृष्टीसाठी बांधाचा माथा पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेसा उंच राखणे आणि भिंतीत नळ्या रोवून आतील पाण्याची पातळी नियमाने मोजणे ही कामे रोजची असतात. कामे साधी आहेत, पण कंटाळवाणी, आणि त्यामुळेच ती टळतात. दक्षिण आफ्रिकेतील मेरीस्प्रुट या सुवर्णखाणीच्या गावी २२ फेब्रुवारी १९९४ रोजी मोठ्या पावसात असा बांध फुटला. गाळाचा लोंढा रात्रीच्या वेळी घरांत शिरला आणि १७ माणसे दगावली.

कारखाना चालू असतो तोवर राखण करणारी माणसे व पैसा दोन्ही असतात. तो बंद झाला की दोन्ही जातात, पण चुरा जात नाही. म्हणून उतार सौम्य करणे, वर मातीचा जाड थर देणे, चिवट गवत व झुडपे रुजविणे आणि पायथ्याशी येणारे पाणी अडवून तपासणे, या कामांचा खर्च सोने निघत असतानाच बाजूला काढून ठेवावा लागतो. कोलारमध्ये खाणी बंद झाल्यावरही ढीग उघडेच राहिले.

जुन्या चुऱ्यात थोडे सोने अजून शिल्लक आहे. जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने हे तेरा ढीग उकरून ते काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावास संमती दिली. हे ढीग सुमारे १,००३ एकरांवर पसरले आहेत. टनामागे सोने निघेल ते जेमतेम एक ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. म्हणजे चुऱ्याचे वजन जवळपास तेवढेच राहील, फक्त तो पुन्हा ओला व पुन्हा सायनाइडयुक्त झालेला असेल. तेव्हा पहिले फावडे लागण्यापूर्वीच दोन गोष्टी ठरवाव्या लागतील: उकरताना उडणारी धूळ कशी दाबावयाची, आणि तळाशी अभेद्य अस्तर घातलेली नवी जागा या ३ कोटी ३० लाख टनांसाठी कोठे शोधावयाची.