पांढऱ्या रक्ताचा मासा आणि कृष्णेचं पाणी

बाजारात मासा घेताना आपण आधी कल्ला उचलून बघतो. आत लालभडक असेल तर मासा ताजा. ही लाली हिमोग्लोबिनची. कल्ल्यात आलेला ऑक्सिजन धरून अंगभर पोचवणारं हे लोहयुक्त प्रथिन दक्षिण ध्रुवाजवळच्या एका मत्स्यकुळानं चक्क गमावलं आहे. सातारा-सांगलीकरांनी ही हकिकत समजून घ्यायला हवी, कारण कृष्णेतले मासे का मरतात हे तिच्यामुळे नीट कळतं.

गैरसमज : पाणी आहे तोवर माशाला ऑक्सिजनची ददात नाही.

वस्तुस्थिती : पाण्याचा रेणू फोडून मासा ऑक्सिजन काढू शकत नाही. तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो आणि हा साठा तुटपुंजा असतो. शून्य अंशाला लिटरभर गोड्या पाण्यात साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला जेमतेम साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात कृष्णा अगदी निर्मळ असली, तरी तिच्यात बर्फगार पाण्याच्या निम्माच ऑक्सिजन असतो.

गैरसमज : हिमोग्लोबिनशिवाय पाठीचा कणा असलेला प्राणी जगूच शकत नाही.

वस्तुस्थिती : १९२७ मध्ये बुवे बेटाजवळ डिटलेफ रुस्टाड या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाला फिकट, जवळपास रंगहीन रक्ताचा मासा मिळाला. १९५४ मध्ये योहान रूड यांनी अशा माशांच्या रक्तात लाल रंगद्रव्य नसल्याचं दाखवून दिलं. या बर्फमाशांच्या सोळा जाती ज्ञात आहेत आणि एकीतही कामाचं हिमोग्लोबिन नाही. त्यांचे कल्लेसुद्धा दुधाळ दिसतात. त्यांचा ऑक्सिजन थेट रक्तद्रवात विरघळून वाहतो.

गैरसमज : थंडीत टिकण्यासाठी या माशांनी हिमोग्लोबिन टाकून दिलं.

वस्तुस्थिती : उत्क्रांती हेतू धरून चालत नाही. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचं बनतं. सोळांपैकी पंधरा जातींत बीटाचं जनुक पुरतं गेलं आहे आणि अल्फाचा तुकडा तेवढा उरला आहे. सहा जातींच्या हृदयात तर ऑक्सिजन धरणारं मायोग्लोबिनही नाही. तांबड्या पेशी नसल्यानं रक्त पातळ राहतं हे खरं, पण किंमत मोठी आहे. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता एक दशांशाहूनही कमी होते. ती तूट भरून काढायला मोठं हृदय, रुंद रक्तवाहिन्या आणि कितीतरी जास्त रक्त लागतं. म्हणूनच या बदलात फायद्यापेक्षा तोटाच जास्त, असं अनेक अभ्यासक मानतात. तोटा होऊनही मासे तगले, ते पाणी ऑक्सिजननं भरलेलं होतं म्हणून.

गैरसमज : दोन्ही ध्रुवांवरच्या माशांचं रक्त सारखंच.

वस्तुस्थिती : बर्फमाशांच्या दक्षिणेकडच्याच तांबड्या रक्ताच्या भाऊबंदांत बहुधा एकच मुख्य हिमोग्लोबिन आढळतं. उत्तरेकडच्या कॉडसारख्या माशांत त्याचे अनेक प्रकार असतात. दोघांची कुळं निराळी. शिवाय दक्षिणेचं पाणी बारमाही एकसारखं थंड, तर उत्तरेला तापमान बरंच बदलतं.

गैरसमज : नदीत मासे मेले म्हणजे कुणीतरी विष कालवलं.

वस्तुस्थिती : मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली भागात कृष्णेत हजारो मासे मरून वर आले, तेव्हाही लोकांच्या मनात विषाची शंका आली. विषारी रसायनांनी मासे मरतातच, पण त्यांच्याविनाही मरू शकतात. मळीमिश्रित पाणी किंवा गावाचं सांडपाणी नदीत आलं की जिवाणू त्यातल्या सेंद्रिय घाणीवर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. रात्री पाणवनस्पतीही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे पहाटे पातळी सर्वांत खाली जाते. रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांचं हिमोग्लोबिन कमी ऑक्सिजनही घट्ट धरतं. पण पाण्यातच काही उरलं नाही, तर ते धरणार काय? मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून तगून राहतात. त्यामुळे चार मरळ जिवंत दिसले म्हणून पाणी चांगलं, असं समजू नये.

बर्फमाशाला हिमोग्लोबिनविना जगता आलं, पण ऑक्सिजनविना कुठलाच मासा जगत नाही. म्हणून नदीची तपासणी मासे तडफडू लागताच, पहाटेच व्हायला हवी. घाण पाणी पुढे वाहून गेल्यावर दुपारी घेतलेला नमुना खरं सांगत नाही. आणि विष सापडलं नाही, एवढ्यावरून कुणालाही निर्दोष ठरवता कामा नये.