गोळीआधी जन्मतारीख पाहिली का?

ओपन हाऊसच्या दिवशी दुसरीतल्या एका मुलाची अम्मी सगळ्यांच्या शेवटी आली. पर्समधून घडी केलेला कागद काढून म्हणाली, ‘‘मॅडम, डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिलीय. देऊ का?’’

कागदावर मिथाइलफेनिडेट हे नाव होतं. ‘एका जागी बसत नाही, लिखाण अपुरं, इतरांना त्रास देतो, डॉक्टरांना दाखवा’ असं त्याच्या डायरीत लाल पेनाने मीच लिहिलं होतं. घरात दादी म्हणत होती, याचा बापही असाच होता. शेजारणीने नजर उतरवायला सांगितलं होतं.

मी जनरल रजिस्टर उघडलं. जन्म डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्षी जूनमध्ये पहिलीत घेतात. म्हणजे हा जेमतेम साडेपाचाव्या वर्षी पहिलीत बसला आणि त्याच्या शेजारची जानेवारीतली मुलगी साडेसहाची होती. त्या वयात एक वर्ष म्हणजे केवढं! आणि मी दोघांना एकाच पट्टीने मोजत होते.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही शाळाप्रवेशाची तारीख ३१ डिसेंबरच. तिथल्या ६ ते १२ वर्षांच्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींवरचं संशोधन २०१२ मध्ये छापून आलं. जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरमधल्या मुलग्यांना ‘एडीएचडी’चं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं निदान ३० टक्के जास्त झालं होतं. गोळी मिळण्याचं प्रमाण तर ४१ टक्क्यांनी जास्त. आजार काही कॅलेंडर बघून येत नाही.

शिवाय हे निदान करताना लक्षणं किमान सहा महिने आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. शाळा हे एकच ठिकाण. म्हणून मी मकतबच्या उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘तो? डोलत डोलत सबक छान म्हणतो की.’’ मग अम्मीला दिवसभराचं विचारलं. सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, संध्याकाळी मकतब. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन खेळू देत नाही. रात्री अकरापर्यंत मोबाइल. एवढा वेळ बसवून ठेवलं तर मीही खुर्ची वाजवीन.

गोळीच वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. सातवीतला माझा एक विद्यार्थी गाड्या न बघता रस्त्यावर धावायचा. बालमानसोपचारतज्ज्ञांनी त्याला बरेच आठवडे तपासलं, घरच्यांना आणि आम्हा शिक्षकांना प्रश्नावल्या भरायला दिल्या, मगच औषध सुरू केलं. त्याला खरोखर फरक पडला. पण या औषधाने भूक कमी होते, झोप उडू शकते, म्हणून वजन, उंची, रक्तदाब पाहत राहावं लागतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत त्याचं नाव आहे. शेजारणीच्या मुलाची उरलेली गोळी देऊन बघू, असलं ते औषध नाही. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता थांबवूही नका.

त्या अम्मीला मी दुसरी चिठ्ठी दिली. यावेळी जन्मतारीख, उस्तादांचं म्हणणं, दिवसाचं वेळापत्रक, सगळं लिहिलं. ते वाचून डॉक्टरांनी गोळी तूर्त बाजूला ठेवली, तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. ट्यूशन बंद झाली, मोबाइल नऊ वाजता कपाटात जातो. वर्गात वह्या वाटायचं आणि फळा पुसायचं काम आता त्याच्याकडे आहे. मध्येच उठतो, अजूनही. काल डस्टर खिडकीबाहेर गेलं, तेव्हा आणायलाही तोच धावला.