डोळ्यांखालचं काळं, काजळ आणि काही जुने समज

पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. एवढी पातळ कातडी अंगावर दुसरीकडे कुठेच नाही. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो, लगेच डोळा मिटणारा स्नायू लागतो. तेलाच्या ग्रंथी तुरळक असल्याने ती लवकर कोरडी पडते, आणि आतल्या रक्तवाहिन्यांचा निळसर-जांभळा रंग वरून दिसावा इतकी ती झिरझिरीत असते. या त्वचेवर घरोघरी जे प्रयोग चालतात ते पाहिले की मला खरोखर काळजी वाटते. तिचं नुकसान बहुतेक वेळा दुर्लक्षाने होत नाही, अतिलाडाने होतं.

‘झोप झाली नाही वाटतं?’

डोळ्यांखाली काळं दिसलं की पहिला प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, पण रात्री आठ तास झोपलेली बाईसुद्धा तो ऐकून स्वतःलाच दोष देऊ लागते. माझ्या मावसबहिणीने या प्रश्नापायी दहावीतच आरशाची धास्ती घेतली होती. तिच्या आईच्या आणि आजीच्या डोळ्यांखाली तसंच काळं आहे, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जागरणाने चेहरा फिका पडतो, डोळे थोडे सुजतात आणि मुळात असलेलं काळं उठून दिसतं, एवढं खरं. पण त्याचं मूळ बहुधा वेगळंच असतं, आणि ते प्रत्येकीचं सारखं नसतं. सकाळी खिडकीशी आरसा धरून खालच्या पापणीची कातडी बोटाने अगदी हलकेच ताणून पाहा. तपकिरी रंग तसाच राहिला तर त्वचेत रंगद्रव्य जास्त आहे. आपल्याकडच्या सावळ्या आणि गव्हाळ वर्णात हे सर्रास आढळतं आणि पुष्कळदा घराण्यातून आलेलं असतं. ताणल्यावर निळसर छटा अधिकच स्पष्ट झाली तर आतल्या रक्तवाहिन्या दिसताहेत. आणि काळं नाहीसंच झालं तर ती नुसती सावली होती: वयानुसार गालाची चरबी उतरते, डोळ्याखाली खळगा पडतो आणि त्यात उजेड पोहोचत नाही. सावलीवर कोणतंही क्रीम चालत नाही, हे समजलं तरी बरेच पैसे वाचतील. अनेकींच्या बाबतीत दोन-तीन कारणं एकत्रही असतात.

आणखी एक कारण डोळे चोळण्याचं. धुळीची किंवा परागकणांची ॲलर्जी असलेली मुलं दिवसभर डोळे चोळतात. त्या घर्षणाने त्वचा जाड आणि काळी होत जाते. सतत जोराने चोळण्याचा संबंध बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याच्या आजाराशीही आहे. अशा मुलाला ‘चोळू नकोस’ म्हणून भागत नाही. खाज थांबेल असं औषध डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घ्यावं लागतं, तोवर थंड पाण्याच्या घड्या.

रक्त कमी असलं तर चेहरा फिकटतो आणि डोळ्यांखालचा भाग जास्तच गडद वाटतो. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणून क्रीम आणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा, असं मी प्रत्येकीला कळकळीने सांगते. काचबिंदूवरच्या काही थेंबांनीही पापण्या काळवंडतात. घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हे आठवावं, पण थेंब आपल्या मनाने बंद करू नयेत. त्यांच्यावर नजर टिकून असते.

‘काजळ घातलं की बाळाचे डोळे मोठे होतात’

डोळ्याचा आकार हाडाच्या खोबणीवर आणि पापण्यांच्या ठेवणीवर ठरतो. काजळाच्या रेघेने डोळे मोठे *दिसतात*, होत नाहीत. तरीही बारशाच्या सुमारास हा आग्रह सुरू होतो, आणि नव्या आईला सासू, आई आणि मालिश करणाऱ्या मावशी या तिघींसमोर नाही म्हणणं जड जातं.

घरचं काजळ शुद्ध असतं, हा त्यातला सर्वांत लाडका युक्तिवाद. एरंडेल किंवा साजूक तुपाचा दिवा लावायचा, वर तांब्याची किंवा पितळेची ताटली उपडी धरायची, धरलेली काजळी खरवडून तुपात कालवायची, कुणी त्यात कापूरही घालतं. किती निगुतीने केलेलं काम ते! पण काजळी म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन. त्याचे बारीक कण डोळ्यात खुपतात, आणि एकाच डबीत रोज बोट बुडवलं की जंतूही सोबत जातात. तान्ह्या बाळाचा अश्रूमार्ग अनेकदा पुरता उघडलेला नसतो, त्यामुळे डोळ्याला पाणी येतं, चिपडं धरतात. बहुतेक बाळांचा तो मार्ग पहिल्या वाढदिवसापर्यंत आपसूक मोकळा होतो. डॉक्टर नाकाच्या बाजूला बोटाने हलका दाब द्यायला शिकवतात. अशा डोळ्यात काजळ घालणं म्हणजे दुखण्याला निमंत्रण.

सुरम्याची गोष्ट याहून गंभीर. अनेक पारंपरिक सुरम्यांमध्ये गॅलेना नावाचं खनिज, म्हणजे शिशाचं सल्फाइड, वापरलेलं असतं. बाळ डोळे चोळतं, तीच बोटं तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं आणि वाढत्या मेंदूवर घाव घालतं. रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित धरली जात नाही. अमेरिकेत तर सुरम्याला सौंदर्यप्रसाधनातला रंग म्हणून मान्यताच नाही. तिकडे राहणाऱ्या नातवंडांसाठी आवर्जून डबी पाठवणाऱ्या आजींना हे माहीत असायला हवं.

दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची असेल तर ती तळपायाला लावावी. गालबोटही बाळाच्या हाताने पुसलं जाऊन तोंडात जातंच. मोठ्या बायकांनी काजळ जरूर घालावं, पण पापणीच्या आतल्या कडेवर नको. तिथे तेल स्रवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथींची तोंडं असतात. ती तुंबली की डोळे कोरडे पडतात, रांजणवाडीही होऊ शकते. आणि झोपण्याआधी काजळ काढायचं ते घासून नाही. खोबरेल तेलाचा बोळा मिटल्या पापणीवर क्षणभर ठेवला तरी ते सुटतं.

‘लिंबू घरचंच आहे, काय होणार आहे?’

पुष्कळ होतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, त्वचेचा पाचच्या जवळ. पापणीवर त्याने जळजळ होते. वर लिंबाच्या रस-सालीतली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि मागे महिनोन्महिने काळा डाग राहतो. काळं घालवायला निघालेल्या मुलीच्या पदरी आणखी काळं पडतं. काकडीच्या किंवा बटाट्याच्या गार चकतीने रक्तवाहिन्या आकसून सूज थोडा वेळ उतरते. हे काम गारव्याचं. गार पाण्यात पिळलेला रुमालही तेच करतो.

‘मेडिकलमधून ट्यूब आणली, पंधरा दिवसांत उजळलं’

इथे मला सर्वांत जास्त भीती वाटते. अशा अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला रंग उजळतो, म्हणून मैत्रिणी एकमेकींना नाव सांगतात. काही महिन्यांनी आधीच पातळ असलेली कातडी आणखी पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात, आणि लावणं सोडलं की आग-आग होते. पापण्यांवर दीर्घकाळ लावलेलं स्टेरॉइड डोळ्यांत उतरून काचबिंदू आणि मोतीबिंदूही करू शकतं. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांवर चिठ्ठीचं बंधन आणलं, पण काउंटरवर नाव सांगून ट्यूब अजूनही मिळते.

दुसरा धोका पाऱ्याचा. गोरेपणाच्या क्रीममुळे अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला आली होती. क्रीममध्ये पारा सापडला होता. आपल्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत इतर प्रसाधनांसाठी पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग, आणि केवळ डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांसाठी ती 70 भाग ठेवलेली आहे. सर्वांत नाजूक जागेला सर्वांत सैल नियम का, हे मला पटत नाही. घटकद्रव्यांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेली डबी कोणी कितीही प्रेमाने दिली तरी चेहऱ्याला लावू नका.

‘पापणी सुजली, म्हणजे डोळ्यांना लावलेलंच बाधलं’

पुष्कळदा गुन्हेगार दूर असतो. केसांच्या काळ्या कलपातल्या पीपीडी या द्रव्याची ॲलर्जी असेल तर डोक्यावर काही दिसत नाही आणि पापण्या मात्र टम्म फुगतात. नेलपॉलिशमुळेही पापणीवर पुरळ येतो: नखं शाबूत, पण दिवसभर तीच बोटं डोळ्यांना लागतात. आधी आठवडाभरात केसांना, नखांना नवं काय लावलं ते आठवा.

‘डोळ्यांसाठी वेगळं महागडं क्रीम लागतंच’

लागतंच असं नाही. सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर मुगाएवढं घेऊन अनामिकेने टिपून लावलं तरी चालतं. उन्हात झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि मोठ्या काचांचा, यूव्ही 400 लिहिलेला गॉगल. माझ्या मते खर्च करायचाच तर गॉगलवर करावा.

आणि काही गोष्टींवर वरून काहीच लावायचं नसतं. पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळट, सपाट चकत्या आल्या तर कोलेस्टेरॉल तपासावं. अशा माणसांपैकी सुमारे निम्म्यांचं वाढलेलं निघतं. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसतात आणि दुपारपर्यंत उतरतात, असं दोन-तीन दिवस ओळीने झालं तर ‘रडून झोपला असेल’ म्हणून सोडू नका. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जाऊ लागली की सूज पहिल्यांदा इथेच, या सैल आणि पातळ कातडीत दिसते. लघवीची साधी तपासणी ते त्याच दिवशी सांगते.