पेशी स्वतःच्या, प्रतिकारशक्ती नवी

स्वयंप्रतिकार आजारात शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी शरीरावरच उलटतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये त्या मज्जातंतूंचे आवरण कुरतडतात; सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये कातडी ताठ होते, मूठ मिटेनाशी होते आणि पुढे फुप्फुसेही निबर होऊ लागतात. बहुतेकांचा आजार औषधांनी आटोक्यात राहतो. ज्यांचा राहत नाही, अशा मोजक्या रुग्णांसाठी मूळपेशी प्रत्यारोपणाचा विचार होतो.

नावामुळे एक गैरसमज हमखास होतो. या मूळपेशी बिघडलेला अवयव दुरुस्त करत नाहीत. खरा उपचार करतात ती जबर औषधे. ती उलटलेल्या पेशींचा निकाल लावतात. मूळपेशी लागतात त्या नंतर रक्त पुन्हा तयार व्हावे म्हणून. त्यासाठी आधी इंजेक्शने देऊन त्या अस्थिमज्जेतून रक्तात आणतात आणि यंत्राने वेगळ्या काढून साठवतात. मग काही दिवस केमोथेरपी चालते. शेवटी साठवलेल्या पेशी रक्त चढवावे तशा शिरेतून चढवतात. पुढचे दहा-बारा दिवस सर्वांत नाजूक असतात. पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

मल्टिपल स्क्लेरोसिससाठी हे उपचार १९९५मध्ये ग्रीसमधील थेस्सालोनिकी येथे सुरू झाले. सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या १५६ रुग्णांवरील युरोपीय चाचणीचे निष्कर्ष २०१४मध्ये आले. प्रत्यारोपणासाठी निवडलेल्या ७९ जणांपैकी ८ जण पहिल्याच वर्षी उपचारांमुळे दगावले. तरीही दीर्घकाळात हाच गट अधिक जगला. या दोन्ही गोष्टी रुग्णाला आणि घरच्यांना एकाच बैठकीत सांगायला हव्यात. वंध्यत्वाचा धोकाही असतो. तरुण रुग्णाशी तो विषय आधीच काढावा लागतो, नंतर उशीर झालेला असतो. वेळेचे गणित आजाराबाबतही तेच आहे: फुप्फुस किंवा हृदय फार खराब झाल्यावर शरीराला ही केमोथेरपी झेपत नाही.

भारतात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सुरुवात १९८३मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगासाठी झाली. इंदूरमध्ये महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘एमवाय’मध्ये, २०१८पासून ही सोय झाली. सरकारी रुग्णालयात अशी सोय होणे माळव्यातल्या गरीब कुटुंबांसाठी फार मोलाचे आहे. असे कक्ष प्रामुख्याने रक्ताच्या आजारांसाठी असतात. त्यांपैकी अप्लास्टिक ॲनिमिया या विषयाच्या अगदी जवळचा, कारण त्यात बहुधा रुग्णाच्याच टी-पेशी अस्थिमज्जा नष्ट करतात. मात्र तिथे मज्जाच उरलेली नसल्याने मूळपेशी दुसऱ्याच्या, शक्यतो जुळणाऱ्या भावाबहिणीच्या घ्याव्या लागतात. स्वयंप्रतिकार आजारात बहुधा स्वतःच्याच चालतात. दाता शोधावा लागत नाही.

घरी परतल्यावरही सावरायला महिने लागतात. लहानपणी घेतलेल्या लसींचे संरक्षण बरेचसे पुसले जाते, म्हणून त्यांपैकी अनेक लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने पुन्हा घ्याव्या लागतात.