रोलर उतरवायची वेळ

१९९१ च्या हंगामात मी अकोल्याच्या एका जिनात रुजू झालो, तेव्हा वहीत जॉन्सनचा नियम होता. १९५४ सालचा. दोन यंत्रांवरून एकामागून एक जाणाऱ्या कामांचा क्रम लावून देणारा. सर्वांत कमी वेळ शोधायचा. तो पहिल्या यंत्रावरचा असेल तर ते काम आधी, दुसऱ्यावरचा असेल तर शेवटी. जिनिंग आणि प्रेसिंग, दोनच टप्पे! हा नियम वऱ्हाडासाठीच झाला असं मला वाटलं.

शंभर-शंभर गाठींच्या लॉटचे वेळ मांडले. आमचा प्रेस सरकी काढणाऱ्या रेच्यांपेक्षा कितीतरी वेगवान, त्यामुळे लॉट कसेही लावले तरी एकूण वेळ जवळपास तोच निघे. क्रमाला महत्त्व होतं ते वेगळ्या कारणानं: फरदडीच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या, कवडीनंतर पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस घ्यायचा तर आधी रुई साठते तो अख्खा पाला हॉल झाडावा लागे. म्हणून स्वच्छ आधी, फरदड शेवटी. हे आमच्या जिनातल्या मिस्त्रींना पाठच होतं.

खरी अडचण रोलरची. डबल रोलर रेच्याचा रोलर म्हणजे दांड्यावर दाबून बसवलेल्या चामड्याच्या चकत्या. त्यांवरच्या तिरप्या खाचा धागा ओढून घेतात आणि सरकी मागे राहते. खाचा बुजल्या की रुई कमी पडते. लेथवर नव्या पाडाव्यात, तर दर वेळी चामडं घटतं आणि रोलर बारीक होतो. घाई केली तर चामडं वाया, उशीर केला तर रुई. कापणीच्या हत्यारांबाबत हाच पेच अमेरिकन अभियंता टेलरने १९०७ मध्ये मांडला होता: वेग वाढवला की धार लवकर जाते. दोन्ही नुकसानांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती वेळ गाठायची.

मिस्त्री ती कानाने गाठत. "साहेब, आयका ना, रोलर घसरून रायला." मला फक्त घरघर ऐकू यायची. पण प्रत्येक रेच्याच्या बिडाच्या चौकटीवर त्यांच्या खडूच्या रेघा होत्या, पाळीला एक. रोलर उतरवला की पुसायच्या. सगळे रेचे एकदम बंद पडू नयेत म्हणून त्यांनी रेघा मुद्दाम पुढेमागे ठेवल्या होत्या. कॉलेजात ज्याला वेळापत्रक म्हणत, ते इथे बिडावर लिहिलेलं होतं.

तेव्हा एकाधिकार खरेदीचा काळ होता. ही योजना १९७२ पासूनची. माझ्या वेळी कापूस पणन महासंघ कापूस घेई, ग्रेडर प्रत ठरवी, बाया टोपल्यांनी रेच्यांत कापूस टाकत. २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान मिशन आलं. त्यातून कन्व्हेयर, आपोआप भरणी, सिमेंटचं अंगण आलं. क्रोम-चामड्याची भुकटी रुईत मिसळते म्हणून मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने रबराच्या रोलरवर काम केलं. रोलरचं आयुष्य बदललं की जुना हिशेब मोडतो, हे अनेक मालकांनी लक्षात घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं. यंत्राला अनुदान मिळालं, मिस्त्रींचं ज्ञान मात्र कुणी लिहून घेतलं नाही.

मी निदान तीन हंगाम त्या खडूच्या रेघा वहीत उतरवल्या: रेच्याचा नंबर, पाळ्या, निघालेली रुई, रोलरचा व्यास. व्यासाचा रकाना मिस्त्रींनी सांगितला म्हणून घातला होता.