थंडीची पाहुणी : भोरडी

वाशी परिसरातील रब्बी ज्वारी निसवली की शिवारात भोरड्यांचे थवे उतरू लागतात. काळे डोके, काळे पंख आणि फिकट गुलाबी अंग असलेला हा पक्षी पूर्व युरोप व मध्य आशियात वीण करतो, हिवाळा आपल्याकडे काढतो आणि एप्रिलच्या सुमारास परततो.

आमच्यापैकी अनेकांनी तो प्रथम पाहिला, तो हातात गोफण घेऊन. कणसे चिकात आली की मुलांची शाळा बुडे व राखण सुरू होई. ‘चोर’ एवढीच भोरडीची ओळख आम्हांस होती. वस्तुतः दाण्यांबरोबर ती नाकतोडे व अळ्याही खाते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांच्या बंदोबस्तासाठी तिच्याकरिता दगडांची घरटी रचली जातात. शेतकऱ्याचे नुकसान खरेच आहे. परंतु अर्धेच पाहून दिलेला निवाडा न्याय्य ठरत नाही.

मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी तेव्हापासून दिनांक, ठिकाण, अंदाजे संख्या आणि पक्ष्याचे खाद्य वहीत नोंदवावे. राखणीसाठी ज्यांची शाळा बुडाली, त्यांच्या मुलांनी ही वही लिहावी, अशी आमची इच्छा आहे.