सामायिक अवस्था, जावास्क्रिप्ट अनुप्रयोगांतील

सामायिक अवस्था : वेब अनुप्रयोग चालू असताना त्याच्या अनेक भागांना लागणाऱ्या व वेळोवेळी बदलणाऱ्या माहितीस सामायिक अवस्था म्हणतात. प्रवेश केलेल्या वापरकर्त्याचे नाव, खरेदीसाठी निवडलेल्या वस्तू, न वाचलेल्या संदेशांची संख्या ही तिची नेहमीची उदाहरणे होत. पडद्यावरील एखादी यादी उघडी आहे की मिटलेली, ही गोष्ट मात्र त्या यादीपुरतीच असते. ती स्थानिक अवस्था होय आणि ती सामायिक भांडारात नेण्याचे कारण नसते. सामायिक अवस्थेची मॉड्यूलांत (स्वतंत्र विभागांत) मांडणी करणे म्हणजे प्रत्येक तथ्यास एकच ठिकाण नेमून देणे व त्या ठिकाणाबाहेरून ते परस्पर बदलता येणार नाही अशी व्यवस्था करणे होय.

पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळाचे उदाहरण घेतल्यास या व्यवस्थेची गरज ध्यानात येते. पानाच्या माथ्यावर ग्राहकाच्या पिशवीतील पुस्तकांची संख्या दिसते, पिशवीच्या पानावर त्यांची यादी दिसते आणि देयकात एकूण रक्कम दिसते. या तिन्ही ठिकाणी स्वतंत्र नोंद ठेवल्यास ग्राहकाने एक पुस्तक काढून टाकताच तिन्ही नोंदी बदलाव्या लागतात. त्यांपैकी एक राहून गेली, की माथ्यावर २ पुस्तके आणि देयकात ३ पुस्तकांची किंमत असा विसंवाद उत्पन्न होतो. फेसबुक या संकेतस्थळावर असाच एक दोष प्रसिद्धीस आला होता. न वाचलेल्या संदेशाची खूण दिसे, परंतु उघडून पाहता नवा संदेश नसे. दोष दुरुस्त केला तरी काही काळाने तो पुन्हा डोके वर काढी. कंपनीच्या अभियंत्यांनी २०१४ मध्ये ‘फ्लक्स’ ही रचना मांडताना याच दोषाचा दाखला दिला. माहिती एकाच दिशेने वाहावी, म्हणजे आधी कृती, तीनुसार भांडारात बदल व त्यानंतर पडद्यावर दर्शन, हे फ्लक्सचे सूत्र होते.

पूर्वपीठिका : ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट भाषा तयार केली व १९९७ मध्ये तिचे पहिले प्रमाणक प्रसिद्ध झाले. या भाषेत आरंभी मॉड्यूलांची सोय नव्हती. एका पानावरील सर्व आज्ञावल्यांचे सार्वत्रिक चल एकाच नामसंग्रहात जमा होत. त्यामुळे दोन लेखकांनी अजाणता एकच नाव वापरले, तर नंतरची आज्ञावली आधीचे मूल्य पुसून टाकी. चल फंक्शनाच्या आत झाकून ठेवण्याच्या युक्तीने बरीच वर्षे निभावले गेले. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालविणारी नोड ही प्रणाली २००९ मध्ये आली, तिने स्वतःची मॉड्यूलपद्धती आणली आणि अखेर २०१५ च्या प्रमाणकाने मॉड्यूले भाषेचाच भाग केली. या प्रमाणकानुसार मॉड्यूल कितीही ठिकाणी आयात केले तरी ते एकदाच कार्यान्वित होते व सर्व आयातकांना तीच प्रत मिळते. आयात केलेल्या नावास बाहेरून नवे मूल्य देता येत नाही. पण ते नाव एखाद्या वस्तूचे असेल, तर त्या वस्तूच्या आतील घटक बदलण्यास भाषेची आडकाठी नसते. म्हणजे भाषेने दार दिले, कुलूप दिले नाही.

ते कुलूप पुरविण्याचे काम पुढे भांडार-ग्रंथालयांनी केले. डॅन अब्रामोव्ह व अँड्रू क्लार्क यांच्या ‘रीडक्स’मध्ये (२०१५) संपूर्ण अवस्था एकाच वृक्षाच्या रूपात असते. प्रत्येक शाखेसाठी एक शुद्ध फंक्शन असते आणि त्यास आपल्या शाखेपलीकडचे काही दिसत नाही. कृती मात्र सर्व शाखांना कळविली जाते. यामुळे ‘वापरकर्ता बाहेर पडला’ एवढी एक कृती घोषित केली, की प्रत्येक शाखेस आपापली खाजगी माहिती पुसता येते. एव्हन यू यांच्या ‘व्ह्यू’ या चौकटीसाठी तयार झालेल्या ‘व्ह्यूएक्स’मध्ये प्रत्येक मॉड्यूलाची चार अंगे असतात : अवस्था, तिच्यावरून काढलेली साधित मूल्ये, अवस्थेत प्रत्यक्ष फेरफार करणारी फंक्शने आणि सर्व्हरशी संपर्क साधून तो फेरफार घडवून आणणाऱ्या कृती. फेरफार तत्क्षणी पूर्ण झाला पाहिजे, असा येथे दंडक आहे. तो पाळला तरच प्रत्येक फेरफारापूर्वीची व नंतरची अवस्था नोंदवून दोषाचा माग काढता येतो. मॉड्यूलास स्वतंत्र नामावकाश दिला नाही, तर त्याची फंक्शने सार्वत्रिक नामसंग्रहातच राहतात आणि १९९५ सालचा नामसंघर्ष वेगळ्या वेशात परत येतो.

विभागणीचे निकष : साधने बदलत राहतात, विभागणी कोठे करावी हा प्रश्न त्यांहून जुना व अधिक अवघड आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मधील आपल्या निबंधात असे दाखविले, की कामाच्या क्रमानुसार पाडलेली मॉड्यूले बदलास तोंड देऊ शकत नाहीत. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एकेका मॉड्यूलात दडवून ठेवावा. हाच विचार अवस्थेलाही लागू पडतो. नवशिके अनेकदा प्रत्येक पडद्यासाठी एक मॉड्यूल करतात. हे सोपे वाटते, परंतु पडद्यांची मांडणी वारंवार बदलते आणि ‘मुखपृष्ठ’ व ‘देयक’ या दोन्ही मॉड्यूलांत पिशवीची एकेक प्रत जाऊन बसते. त्यापेक्षा ‘ग्रंथसूची’, ‘पिशवी’, ‘वापरकर्ता’ अशी विषयवार विभागणी टिकाऊ ठरते. पिशवीने केवळ पुस्तकाचा क्रमांक व प्रतींची संख्या ठेवावी. शीर्षक व किंमत ग्रंथसूचीकडे राहावी. एकूण रक्कम कोठेच साठवू नये, ती या दोहोंवरून दर वेळी काढावी. जे काढता येते ते साठविले, की विसंवादाचे बीज पेरले जाते.

या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. मागणी पक्की झाल्यावर त्या क्षणाची किंमत मागणीच्या नोंदीत लिहून ठेवलीच पाहिजे. ती ग्रंथसूचीतील किमतीची प्रत नसून घडून गेलेल्या व्यवहाराचे तथ्य आहे आणि उद्या पुस्तक महागले तरी ते बदलत नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन आकड्यांपैकी कोणता प्रत आहे व कोणता स्वतंत्र तथ्य आहे, हे ओळखणे हाच विभागणीचा खरा कस होय.

दोन मॉड्यूले दर वेळी एकत्रच बदलत असतील, तर ती वस्तुतः एकच आहेत असे समजावे. दोन मॉड्यूले परस्परांवर अवलंबून असतील, तर कार्यान्वयनाच्या वेळी त्यांतील एकास दुसरे अपुरे मिळण्याचा धोका असतो. अशा वेळी दोहोंस लागणारा भाग तिसऱ्या मॉड्यूलात काढणे इष्ट ठरते. एदुआर्दो सान मार्तिन मोरोते यांनी २०१९ मध्ये प्रयोग म्हणून आरंभिलेल्या ‘पिनिया’त एका वृक्षाऐवजी अनेक स्वतंत्र भांडारे असतात आणि गरजेप्रमाणे ती एकमेकांचा उपयोग करतात. अननस या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव आले आहे; अननस हे अनेक फुलांपासून बनलेले संयुक्त फळ असल्याने ते समर्पकही आहे. व्ह्यूच्या नव्या अनुप्रयोगांसाठी आता व्ह्यूएक्सऐवजी पिनियाची शिफारस केली जाते.

सर्व्हरवरील धोका : ब्राउझरमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या यंत्रावर अनुप्रयोगाची वेगळी प्रत चालते, त्यामुळे मॉड्यूलाच्या माथ्यावर घोषित केलेले भांडार त्या एकाच व्यक्तीचे असते. पाने सर्व्हरवर तयार करून पाठविताना ही स्थिती पालटते. नोडची एकच प्रक्रिया अनेकांच्या विनंत्या हाताळते आणि मॉड्यूल एकदाच कार्यान्वित होत असल्याने त्यातील भांडार या सर्वांत सामायिक होते. एका ग्राहकाचे नाव, पत्ता किंवा पिशवी दुसऱ्याच्या पानावर उमटण्याचा संभव त्यातून निर्माण होतो. चाचणी घेणारा बहुधा एकटाच असल्याने हा दोष चाचणीत सहसा दिसत नाही व वर्दळ वाढल्यावर प्रकटतो. यावर उपाय असा, की मॉड्यूलाने तयार भांडार निर्यात न करता भांडार निर्माण करणारे फंक्शन निर्यात करावे आणि प्रत्येक विनंतीसाठी त्याकरवी नवे भांडार तयार करून घ्यावे. काम संपल्यावर त्या भांडारातील अवस्था पानासोबत ब्राउझरकडे पाठविली जाते व तेथील भांडार तिच्यापासून आरंभ करते. ही अवस्था पानाच्या मजकुरात घालताना तिच्यातील चिन्हे निष्प्रभ करणे अत्यावश्यक असते. अन्यथा एखाद्या वापरकर्त्याने आपल्या नावाच्या जागी लिहिलेली आज्ञावली पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकते.